रेघीची ओळख

राखणदाराला समुद्रात सोडायच्या दिवशी खडपेवाडीच्या बंदरावर सगळा गाव लोटला होता. नारळ झाला, हार झाला, आणि मग रीतीप्रमाणे गाऱ्हाणं. "बा देवा म्हाराजा, आज ह्यो नवो राखणदार तुझ्या दर्यात उतरता हा. आपल्या मासळीचो सांभाळ कर नि परक्या मासळीचो निर्वंश कर, म्हाराजा!" सगळे एका सुरात ओरडले, "व्हय म्हाराजा!" त्यात वृंदा कुबलचाही आवाज होता, आणि चांगला खणखणीत होता.

कोकणात गावाची राखण करणाऱ्या देवाला राखणदार म्हणतात. हा राखणदार मात्र कारखान्यातून आला होता. दुधी भोपळ्याएवढा आकार, पुढे दोन डोळे, मागे पंखा आणि पोटात एक लांब सुई. त्याची गरज का पडली, तेही सांगायला हवं. समुद्र तापत गेला तशी खडपावरची, म्हणजे पाण्याखालच्या खडकांवरची, पोवळी पांढरी पडून मेली. मग शास्त्रज्ञांनी तापलेलं पाणी सोसणारी नवी पोवळी आणून लावली आणि नशिबाने ती धरली. खडप पुन्हा जिवंत झालं. पण तापलेल्या पाण्याबरोबर, जहाजांच्या पोटातल्या पाण्याबरोबर भलतेसलते मासे आले. हौशी लोकांनी घरातल्या काचेच्या टाक्या समुद्रात ओतल्या, ती भर वेगळीच. हे पाहुणे गावच्या माशांची अंडी फस्त करू लागले. पाहुण्यांना वेचून मारील असं कोणीतरी हवं होतं, आणि माणूस दिवसभर पाण्याखाली बसू शकत नाही.

राखणदाराला मासा कसा ओळखता यायचा? जसा जुना पाणबुड्या ओळखतो तसाच, फक्त पापणी लवायच्या आत. अंग उंच की लांबट, तोंड चोचीसारखं की ओठाळ, डोळ्यावरून पट्टा जातो का, शेपटीचा काप सरळ, गोल की दुभंगलेला, पंखात काटे कुठे, गालावर काटा आहे का. पोपटमासा चोचीवरून कळतो, फुलपाखरूमासा डोळ्यावरच्या काळ्या पट्ट्यावरून. अशा सगळ्या खुणा जुळवून यंत्र माशाचं कूळ ठरवायचं. पण कुठलं कूळ आपलं आणि कुठलं परकं, हे त्याला कोणीतरी सांगावं लागतं. एकदा परकं म्हणून सांगितलं की विषय संपला. सुई बाहेर आली, मासा आडवा.

हे सांगायला प्रकल्पाच्या डॉ. निमिष साठ्यांनी वृंदाच्या बापाला निवडलं होतं. साठ्ये पोवळ्यांचे डॉक्टर, माशांतलं त्यांना बेताचंच कळायचं. पण 'पारंपरिक ज्ञान' हे दोन शब्द उच्चारताना त्यांचा गळा दाटून यायचा. भिकाजी कुबल, म्हणजे गावाचे आपा, हे ज्ञान त्यांना अगदी अंगणात खुर्ची टाकून बसलेलंच सापडलं. आपांसारखा श्वास रोखून खडपात उतरणारा माणूस त्या किनाऱ्यावर दुसरा नव्हता. वृंदा त्यांची एकुलती एक. आई लहानपणीच गेली, पण झील, म्हणजे मुलगा, नाही म्हणून आपांनी कधी एका शब्दाने हळहळ केली नाही. पोरीला स्वतःच्या पाठीवर घेऊन पाण्यात नेलं आणि मासे दाखवले. "आदी तोंड बघ, मगे शेपटी, मगे काटे. रंग शेवटाक बघूचो. रंग फसयता." हा त्यांचा मंत्र होता आणि वृंदाला तो झोपेतही म्हणता आला असता.

तर आपा अंगणात बसायचे, साठ्ये पडद्यावर एकेक चित्र दाखवायचे, आपा निवाडा करायचे आणि वृंदा त्याप्रमाणे 'आपली' किंवा 'परकी' दाबायची. एके दिवशी एक छोटा मासा आला. काळानिळा, अंगावर उभ्या वाकड्या पांढऱ्या रेघा.

"रेघी," आपा म्हणाले. "परकी."

"नक्की ना काका?" साठ्ये म्हणाले. "यंत्राला शंका आहे. हिच्या गालावर काटा आहे. तसाच काटा तुमच्या कांकणीच्या गालावर आहे. एका कुळातल्या असतील, असं म्हणतंय ते."

कांकणी म्हणजे खडपाची शानच. ताटलीएवढी, सोनेरी तपकिरी, अंगावर निळ्या कमानी, शेपटी पांढरी आणि खांद्यावर निळं गोल कांकण. तिच्यासाठी लोक लांबून यायचे. ती आणि ही बोटभर काळी चिमुरडी एका कुळातली म्हटल्यावर आपा उठूनच उभे राहिले.

"रेघी पावसानंतर येता, बंदराच्या दगडांत लपता आणि शिमग्यापर्यंत नाहीशी होता. माझो बापूस सांगायचो, पयली परदेशी बोट बंदरात इली त्या सालापासून दिसूक लागली. बोटीबरोबर येता नि बोटीबरोबर जाता. तुमच्या यंत्राक जास्त कळता तर तेकाच ईचारा. माका कशाक बसवलास?"

साठ्यांनी चक्क हात जोडले. "नाही नाही काका, तुमच्यापुढे पुस्तक काय आणि यंत्र काय!"

वृंदाने 'परकी' दाबलं. मनात काहीही आलं नाही. तिनेही रेघीला लहानपणापासून बोटीची मासळीच म्हटलं होतं.

पुढची काही वर्षं खडपेवाडीला सोन्याचे दिवस आले. गावाने खडपाभोवती जाळं टाकणं सोडलं आणि पाहुण्यांना पाण्याखाली नेण्याचा धंदा धरला. वृंदा त्यातली सगळ्यात नावाजलेली वाटाडी. परके मासे हटले, कांकण्या धष्टपुष्ट झाल्या, किनाऱ्यावरच्या बाकीच्या गावांनीही आपांचंच सांगणं आपापल्या राखणदारात भरून घेतलं. आपांचे सत्कार झाले. परगावची माणसं वाकून पाया पडायची आणि आपा "असू दे, असू दे" म्हणत पाय जरा पुढेच करायचे. दर पावसाळ्यानंतर राखणदाराची धावपळ वाढायची. बंदराच्या दगडांपाशी रेघ्या मरून तरंगायच्या आणि बाया त्या टोपलीत भरून माडांच्या मुळाशी घालायच्या. माडही छान धरले होते.

मग वृंदाला जाणवू लागलं, की खडपावर म्हाताऱ्याच कांकण्या उरल्या आहेत. कुणाचा पंख फाटलेला, कुणाच्या अंगावर चट्टा. ती एकेकीला ओळखत होती. त्यांत नवीन तरणीताठी कांकणी एकही येत नव्हती, आणि जुन्या एकेक करून कमी होत होत्या. परका मासा तर औषधालाही नव्हता. मग यांची पोरं खाल्ली कोणी?

उत्तर गणपतीच्या आदल्या आठवड्यात मिळालं. बंदराच्या तळाशी एक मोडका सिमेंटचा नळ पडला होता, राखणदार शिरणार नाही इतका अरुंद. वृंदाने आत उजेड टाकला. आत मासा होता, वीतभर, गेल्या हंगामातला मागे राहिलेला. मागचं अर्धं अंग काळंनिळं, पांढऱ्या रेघांचं. पुढचं अर्धं अंग सोनेरी होत चाललेलं, रेघा वाकून कमानी बनत चाललेल्या. आणि खांद्यावर, पुसट का होईना, निळं कांकण.

बोटीबरोबर येणं नाही आणि बोटीबरोबर जाणं नाही. रेघी शिमग्यापर्यंत नाहीशी व्हायची ती मोठी होऊन, रंग बदलून खोल खडपावर जायची म्हणून. उथळ पाण्यात बोटभर मासा कोण पकडतो? खोल पाण्यात गळाला लागायची ती कांकणी. मधली अवस्था कोणाच्या हाताला कधी लागलीच नव्हती. पिढ्यान् पिढ्या पोराला एक नाव, आईला दुसरं. आणि त्या पोरांना आपण परकी म्हणालो. आपण म्हणजे तिने स्वतः. ते 'परकी' दाबणारं बोट तिचं होतं.

तिने तो मासा जाळीच्या पिशवीत धरला आणि पाण्याने भरलेल्या बादलीतून घरी नेला. वाटेत साठ्यांना फोन केला. तिने एका दमात सगळं सांगितलं.

"सर, ऐकताय ना? आजच्या आज राखणदार बंद करा. पावसाचे दिवस सरत आलेत. आता पिलं यायला लागतील."

"मला बंद करता येत नाही वृंदा. कोणालाच नाही. जाणकार कायदा आहे." आणि मग हळूच म्हणाले, "मला गेल्या वर्षीच शंका आली होती."

"काय?"

"पुस्तकात सापडलं. पण आपांचं नाव, त्यावर उभा राहिलेला प्रकल्प, इतकी गावं... मला वाटलं, येईल आपोआप लक्षात कोणाच्या तरी."

वृंदाच्या तोंडाशी आलेली शिवी तिने गिळली, कारण साठ्यांची गरज होती. हा कायदा त्यांच्यासारख्यांनीच भांडून आणला होता. शहरातल्या कुणा साहेबाने एका सहीने गावाचं ज्ञान पुसून टाकू नये, म्हणून. जाणकाराने, म्हणजे आपांसारख्या नेमलेल्या माणसाने, एकदा दिलेला शब्द फक्त जाणकारच मागे घेऊ शकतो, तोही शिमग्यानंतरच्या वार्षिक सभेत, सगळ्या गावासमोर. हेतू उत्तम होता. पण शिमग्यापर्यंत या वर्षीची सगळी पिलं माडांच्या मुळाशी गेली असती.

"दुसरा काहीच मार्ग नाही?"

"जाणकार वारला किंवा त्याची बुद्धी चळली, तरच. मग त्याने सांगितलेलं त्याच दिवशी स्थगित होतं." साठ्ये घाईघाईने म्हणाले, "मी फक्त कायदा सांगतोय हं."

"आणि हे वर्ष गेलं तर?"

"म्हाताऱ्या कांकण्या पुढच्या वर्षी अंडी घालतील असं मी लिहून देणार नाही. बहुतेक हीच शेवटची वीण."

आपा ओटीवर सुपारी कातरत बसले होते. वृंदाने बादली त्यांच्यासमोर ठेवली. आपांनी वाकून बघितलं. मग बादलीत हात घातला, मासा अलगद तळहातावर घेतला, अंगठ्याने त्याच्या गालावरचा काटा चाचपला. त्यांचा चेहरा वृंदाला पाठ होता. त्यांना कळलं होतं. अगदी स्वच्छ कळलं होतं.

"रोगट आसा ही," आपा म्हणाले.

"आपा!"

"रोग झालो हा. रंग गेलो हा तेचो."

"रंग शेवटाक बघूचो, तुम्हीच शिकवलात मा? काटो बघा. तोंड बघा. पंख बघा. सगळा कांकणीचा. रेघी बघताना तेवढो तुम्ही रंगच बघलात!"

"माका शिकवतंस?" आपांचा आवाज चढला. "जगान पायाक हात लावले माझ्या. आता सभेत उभो रवान सांगू, की भिकाजी कुबलान आपल्याच मासळीची पोरां मारल्यान म्हणान? तुका बरा वाटात?"

"पोरां अजून मरतली, आपा."

आपांनी मासा जमिनीवर टाकला. तो फडफडला. अडकित्त्याचा दांडा त्याच्या डोक्यावर एकदाच पडला. मग त्यांनी तो शेपटीला धरून उचलला आणि अंगणातल्या मांजरापुढे फेकला. मांजराने तो तोंडात धरून माडाखाली नेला, आणि वृंदा बघत उभी राहिली. बापाचा तिला एवढा संताप यापूर्वी कधी आला नव्हता. त्या संतापाच्या भरात तिने जे ठरवलं, ते शांत झाल्यावरही बदललं नाही, हे वाईट.

गणपतीत आपा तिच्याशी बोलले नाहीत. ती आरतीला उभी राहायची, ते टाळ वाजवायचे, एवढंच. बंदराच्या दगडांत पहिल्या रेघ्या दिसल्या आणि राखणदाराच्या चकरा वाढल्या. सकाळी बाया टोपल्या घेऊन निघाल्या. त्या दिवशी वृंदाने प्रकल्पाच्या कार्यालयात जाऊन सांगितलं, की आपांचं हल्ली काही खरं नाही. विसरतात. आमटीत दोनदा मीठ घालतात. मला आईच्या नावाने हाक मारतात. यातलं अक्षरही खरं नव्हतं, आणि सांगताना तिला रडू आलं तेही खोटं नव्हतं. कार्यालयातल्या बाईने तिला पाणी दिलं आणि पाठीवरून हात फिरवला.

तपासायला डॉ. लोबो आल्या. पन्नाशीची बाई, बोलायला गोड, नजर पक्की. साठ्येही बरोबर होते आणि जमिनीकडे बघत होते. वृंदाने आपांना एवढंच सांगितलं होतं, की माशांबद्दल विचारायला माणसं येतायत. आपांनी धुतलेला सदरा घातला होता. कित्येक दिवसांत पहिल्यांदाच ते तिच्याकडे बघून हसल्यासारखं हसले.

डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर चित्रं लावली. "काका, मी मासा दाखवते, तुम्ही ओळखा. आधी तुम्ही जे सांगितलंय, ते माझ्यापाशी आहे. फक्त ताडून बघायचंय."

वृंदा दाराला टेकून उभी होती. एकतरी चूक, तिच्या मनात चाललं होतं. एकच चूक करा. आणि दुसरं मन बापाच्या बाजूने उभं होतं आणि त्यांच्या प्रत्येक उत्तराला शाबास म्हणत होतं.

कारण आपा चुकतच नव्हते. "ह्यो चोचवालो. ह्या बघा शेपटीच्या मुळात सुरी, हात लावलास तर कापतलो. हेच्या डोळ्यार पट्टो, तो मधी तुटलेलो आसा, म्हणजे नवरो नाय, मादी." डॉ. लोबो मान डोलवत होत्या. बुद्धी चळलेला माणूस असा बोलत नाही, हे कोणालाही दिसत होतं. वृंदाने मनातल्या मनात हार मानली. तिला थोडं बरंही वाटलं.

मग पडद्यावर रेघी आली, आणि शेजारी कांकणी.

आपांनी दोघींकडे बघितलं. मग वृंदाकडे बघितलं. ते इतका वेळ बघत राहिले की डॉ. लोबोंनी "काका?" म्हणून हाक मारली.

"हे दोन नाय," आपा म्हणाले. "एकच. ह्यां पोर नि ही आवस."

साठ्यांनी मान वर केली.

"आधी तुम्ही रेघी परकी म्हणाला होतात."

"चुकलंय. बापाशीन सांगलेला खरा मानलंय आणि नीट बघलंय नाय. माझ्या चेडवान बघलान." ते वृंदाकडे बोट दाखवत होते, आणि त्यांच्या आवाजात कौतुक होतं. "ती बोलली तर मी तिच्या अंगार धावलंय. पण खरा ता खरा. लिवा तुम्ही. काय शिमग्याक सांगूचा, ता आज सांगतंय. गावान काय म्हणाचा ता म्हणांदे."

एवढ्या दिवसांच्या अबोल्यात बापाने हे ठरवलं होतं. माणसं आली आहेत ती आपला शब्द मागे घ्यायलाच, असं समजून त्याने धुतलेला सदरा घातला होता.

डॉ. लोबोंचा चेहरा मात्र बदलला. त्यांच्या दृष्टीने आतापर्यंत ठीक चाललेला म्हातारा अचानक स्वतःच्याच साक्षीविरुद्ध बोलत होता. एक चिमुकला काळा मासा आणि एक ताटलीएवढा सोनेरी मासा एकच आहेत, म्हणत होता. त्यांनी आवाज आणखी गोड केला. "हे तुम्हाला कशावरून वाटलं काका?"

"मासो बघलंय. अर्धी रेघी, अर्धी कांकणी. वृंदान बादलीत घालून हाडलान."

"कुठे आहे तो मासा?"

"मी मारलंय. मांजराक घातलंय."

डॉ. लोबो वृंदाकडे वळल्या. "वृंदा, तुम्ही असा मासा आणला होता?"

आता बघा, प्रश्न काय साधा होता! होय म्हटलं असतं तर आपा शहाणे ठरले असते. शहाण्या जाणकाराचा शब्द शिमग्याच्या सभेत मागे घेतला गेला असता, टाळ्या पडल्या असत्या, आणि तोवर सुईने आपलं काम पुरं केलं असतं. नाही म्हटलं तर राखणदार आजच थांबणार होता. साठ्यांना खरं माहीत होतं. तेही वृंदाकडेच बघत होते, आणि तोंड उघडत नव्हते. बंदराकडून टोपल्या घेऊन परतणाऱ्या बायांचा हसण्याबोलण्याचा आवाज येत होता.

"नाही," वृंदा म्हणाली.

"असा काहीच मासा नव्हता?"

"नाही. असा मासा मी आणला नाही."

तिला वाटलं, आपा आता ओरडतील. खोटारडी म्हणतील, शिरा पडो तुझ्या तोंडार म्हणतील. त्यांनी ओरडावं म्हणून ती वाट बघत राहिली. आपा ओरडले नाहीत. ते गोंधळले. उजव्या हाताचा तळवा उघडून त्यात बघत राहिले.

"नव्हतो?" ते म्हणाले. "मगे माका खंय दिसलो?"

डॉ. लोबोंनी काहीतरी टिपून घेतलं.

"काटो लागलो माका अंगठ्याक," आपा वृंदाला म्हणाले. "नव्हतो गो? तू हाडलंस नाय?"

"नाय, आपा."

ज्या पोरीला त्यांनी बघायला शिकवलं, तिच्या डोळ्यांवर त्यांचा स्वतःच्या डोळ्यांपेक्षा जास्त विश्वास बसला होता. त्यांनी हळूहळू मान हलवली. "तू म्हणतंस तर नसात," ते म्हणाले, आणि डॉक्टरीणबाईंकडे वळून विचारलं, "माका काय झाला आसा?"

त्याच दिवशी राखणदार थांबला. आपांनी सांगितलेलं सगळं स्थगित झालं. मग साठ्यांनी पुस्तकाआधारे नवी ओळख भरली आणि रेघीला कांकणीचं पिल्लू म्हणून नोंदवलं. श्रेय त्यांनी वृंदाच्या नावावर टाकलं आणि बातम्यांत ते 'वृंदा कुबल यांचा शोध' म्हणून आलं. तिने दोनदा खुलासा करायचा प्रयत्न केला. पण खुलासा करायचा म्हणजे खोटी साक्ष कबूल करायची, आणि मग स्थगिती उठायची. साठ्यांनी तिला तसं समजावलं. समजावण्यात ते फार हुशार होते.

बुद्धी चळल्याचा दाखला मिळालेल्या माणसाला होडी वल्हवता येत नाही, पाण्यात उतरता येत नाही, सभेत हात वर करता येत नाही. लोक वाईट वागले नाहीत, उलट फार मायेने वागले. आपा काही बोलले की "व्हय आपा, व्हय" म्हणून हसायचे. लहान मुलाला म्हणतात तसं. गाववाल्यांना वाटायचं, म्हाताऱ्याचं डोकं इतकी वर्षं ठीक होतं, शेवटी त्यावर परिणाम झाला म्हणून नसलेला मासा दिसला आणि दोन मासे एक झाले. तीच गोष्ट वृंदाने सांगितली तेव्हा मात्र सगळ्यांना पटली.

आणि आपा खरोखरच ढासळू लागले. आधी ते स्वतःच्या तळहाताकडे बघायचे. मग विचारायला लागले. अंगणात कोंबडी आली तरी विचारायचे, "ही आसा मा गो? का माकाच दिसता?" सुपारी कातरता कातरता थांबायचे. मांजर पायात घोटाळलं तर हात लावायच्या आधी वृंदाकडे बघायचे. आमटीत मीठ घातलं की नाही, ते खरंच आठवेनासं झालं. एकदा त्यांनी तिला तिच्या आईच्या नावाने हाक मारली आणि वृंदाने हातातलं ताट खाली टाकलं.

शिमगा सरला तोवर बंदराच्या दगडांतल्या रेघ्या वीतभर झाल्या होत्या. त्यांच्या रेघा वाकायला लागल्या, काळ्यातून सोनेरी उमलू लागलं आणि त्या एकेक करून खोल खडपाकडे निघाल्या. इतक्या तरण्या कांकण्या वृंदाने लहानपणीही बघितल्या नव्हत्या. पाण्याखाली ती एकटीच होती आणि मुखवट्याच्या आत रडत होती. आनंदाने की कशाने, ते तिलाही कळलं नाही. वर आल्यावर ती ओल्या कपड्यांनीच घराकडे धावली.

आपा ओटीवर बसले होते. ती त्यांच्या पायाशी बसली, त्यांचा उजवा हात तिने आपल्या हातांत घेतला.

"आपा, माझा ऐका. तो मासो होतो. मी हाडललंय, बादलीत घालून. तुमका काटो लागलो, ता खरा. मी खोटा बोललंय. तुमका काय एक झालेला नाय. तुमचा डोक्या बरा आसा. आयकतास मा? मी खोटा बोललंय, आपा."

आपा तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी दुसरा हात तिच्या ओल्या केसांवरून फिरवला. त्यांच्या नजरेत माया होती आणि थोडी कीव होती.

"माका बरा वाटूचा म्हणान सांगतंस मा?" ते म्हणाले. "असू दे गो बाये. डॉक्टरीण म्हणाली हा, घरचे असा सांगतत म्हणान."

"नाय आपा, खराच..."

"रडा नको. माका कळता," आपा म्हणाले, आणि तिच्या हातातला हात सोडवून घेऊन त्यांनी तो सदऱ्याच्या खिशात घातला. "जा, कपडे बदल. थंडी भरात."